गॅरंटी गाडीबरोबर आली होती

मी चारठाण्याच्या शाळेत मास्तरीण आणि घर बोरीला. आठवडाभर मी तिकडं भाड्याच्या खोलीत, लेक इकडं सासऱ्यांजवळ. एसटीनं रोज येणं-जाणं म्हणजे रामभरोसे कारभार. एक दिवस गाडी पंक्चर, एक दिवस नामांतराचा बंद. शनिवारी घरी आले की लेक आधी दाराआडून बघायची, मग जवळ यायची. तेवढ्यानंच माझा जीव अर्धा व्हायचा.

म्हणून स्कूटर घ्यायचं ठरलं. यांनी मला सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. नव्या गाडीला नंबर लावला तर वर्षं जायची. झरीच्या एका बागायतदाराचा नंबर लागला होता, पण त्यांची कंबर धरली आणि गाडी काही महिन्यांतच विकायला निघाली. कंपनीची गॅरंटी अजून शिल्लक होती. ती आपल्याला मिळणार का, यावर आमच्या ओट्यावर आठवडाभर खल झाला. कुणी म्हणे, गॅरंटी पहिल्या मालकाची, दुसऱ्याला लागू न्हाई. कुणी म्हणे, कागद नावावर झाले की झालं. परभणीच्या एजन्सीत जाऊन विचारलं मात्र कुणीच नाही. अक्कल सगळ्यांना, जायला वेळ कुणाला नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांना या गॅरंटीचं काही पडलंच नव्हतं. दात बघितल्याशिवाय आणि जुंपून चालवल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात बैल घेतला नव्हता. गाडी दारात आली, मी ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी ते तिला गावातल्या मिस्त्रीकडं घेऊन गेले.

"सगळं उघडून बघ रे बाबा," म्हणाले. "झरीवाल्यानं उगंच इकली का? सूनबाई बसणार हाय हिच्यावर."

मिस्त्रीनं इंजिन उघडलं, पुसलं, एक नंबर हाय म्हणून परत बसवलं. मामा लय खूश. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्यासाठी एवढी काळजी कोण करतं?

दोन-एक महिने मी घरी जेवले, घरी झोपले. लेकीच्या वेण्या मीच घालायची. मग एका संध्याकाळी जिंतूर सोडलं आणि इंजिन जाम झालं. मिस्त्रीनं हात टेकले. नवं इंजिन घालायची आमची ऐपत नव्हती. राहिली ती गॅरंटी.

मी रजा टाकली. गाडी टेम्पोत घातली आणि हे, मामा आणि मी परभणीच्या एजन्सीत गेलो. तिथला माणूस भला होता. कागद बघून म्हणाला, "मालक बदलला म्हणून काय झालं? गॅरंटी गाडीची असते. राहिलेली मुदत तुमचीच."

हे माझ्याकडं बघून हसले. तो माणूस गाडीजवळ वाकला आणि तसाच थांबला.

"इंजिनाचं सील तुटलंय. बाहेर उघडलं होतं का?"

"म्या उघडाया लावलं," मामा म्हणाले. "बघून घ्यावं म्हणून."

"मग गॅरंटी संपली, काका. आमच्याशिवाय दुसऱ्यानं हात लावला की संपली."

"पण बघितल्याबिगर घ्यायचं कसं?"

त्यानं कागदांची घडी घालून ते यांच्या हातात दिले.

स्कूटर तिथंच सोडून आम्ही निघालो. परतीच्या जिंतूर एसटीत मामा खिडकीकडं तोंड करून बसले. मला राग आला होता, लय आला होता, पण काढायचा कुणावर? कुणी वाईट केलं तर भांडता तरी येतं. भल्यासाठी केलेल्याशी काय भांडणार? त्यानंच माणूस जास्त दमतं.

झरी मागं पडल्यावर मामा म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

"असू द्या, मामा," मी म्हटलं.

बोरीच्या स्टँडवर जाऊबाई लेकीला घेऊन उभ्या होत्या. हे उतरले, मामा उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, आणि चारठाण्याला पोचायचं तर जिंतूरपर्यंत हीच शेवटची गाडी. मी जागेवरच बसून राहिले. लेक खिडकीखाली आली.

"तू उतरायली न्हाईस?"

"शनवारी येते, बाळा."

ती रडली असती तर मी उतरले असते. नोकरी गेली असती खड्ड्यात. पण ती रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि आजोबांचं बोट धरून घराकडं चालायला लागली.