बायकोच्या हातातला माइक

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी डीजेचा जोडधंदा सुरू केला. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस असलं काही करतोय हे ऑफिसात कुणाला खरं वाटेना. "हळदीत ताळेबंद वाजवणार काय?" असं आमचे मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले. मी मनावर घेतलं नाही. वरातीपुढे भिंतीएवढे बॉक्स लावून खिडक्यांच्या काचा हलवणारा डीजे मला व्हायचंच नव्हतं. आमच्या जुळे सोलापूर भागात डोहाळजेवण, बारसं, वाढदिवस, घरगुती हळद असं काही ना काही चालूच असतं. पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवर पन्नास-साठ माणसं जमतात. तेवढ्यांना पुरेल आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही, असा आवाज मी देणार होतो.

तयारी माझ्या पद्धतीने केली. तीनशे वॅटचे दोन बॉक्स, स्टँड, छोटा मिक्सर, बिनवायरचा माइक आणि जुना लॅपटॉप. गाणी ठेक्याच्या वेगाप्रमाणे लावून ठेवली, मिनिटाला नव्वद ठोक्यांपासून एकशे तीसपर्यंत. संथ गाण्यापासून एकेक पायरी चढत गेलं की माणसं आपोआप उठतात, असा माझा हिशेब होता. बायकोने फक्त वायरी गुंडाळायला यायचं ठरलं होतं.

पहिलं काम मिळालं शेजारच्या बिल्डिंगमधल्या डोहाळजेवणाचं. आवाज अगदी स्वच्छ लागला. शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्दन् शब्द कळत होता. नव्वद झालं, शंभर झालं, एकशे वीसवर आलो तरी बायका खुर्च्यांना चिकटलेल्या. पंखा जरा इकडे फिरवा, एवढाच निरोप दोनदा आला. चूक लॅपटॉपमध्येच असणार म्हणून मी मान खाली घालून ती शोधत बसलो.

बायको पाण्याची बाटली द्यायला आली. टेबलावरचा माइक तिने सहज उचलला.

"अहो, तिसऱ्या रांगेतल्या हिरव्या इरकलीतल्या मावशी! बसल्या बसल्या पाय हलवताय, दिसतंय मला. उभ्या राहून हलवलात तर कोण काय म्हणणार आहे?"

"गुडघा दुखतोय गं बाई माझा!"

"मग एकाच पायावर नाचा की. दुसरा मी धरते!"

सगळं पार्किंग हसलं. मावशींचं बोलणं कानडी वळणाचं होतं, आणि माझ्या बायकोचं माहेर अक्कलकोटकडचं. ती सरळ खुर्च्यांत शिरली आणि "बर्री यव्वा, कुणीरी!" असं कानडीत म्हणत तिने मावशींचा हात धरून त्यांना नाचायला उठवलं. त्यांच्यामागून सात-आठ जणी उठल्या. मग मला हुकूम सुटायला लागले. "अहो, हे नको, मघाचं लावा. अहो, त्याच्या आधीचं." एकशे वीसवरून मी थेट पंच्याण्णववर आलो. माझ्या पायऱ्यांचा पार चुराडा झाला, आणि बायका घाम पुसत नाचत राहिल्या.

जाताना यजमानीणबाईंनी तिच्या ओटीत नारळ घातला. मला म्हणाल्या, "तुम्हीपण छान केलंत हो भाऊ." ते "पण" मी घरापर्यंत घेऊन आलो.

पुढे कामं येत गेली. फोन माझ्या नंबरावर यायचा, पण विचारणा तिची असायची. "त्या बोलणाऱ्या ताई येणार ना?" भाजी घेताना अनोळखी बायका तिला थांबवून बोलत. मी पिशवी धरून शेजारी उभा. त्यातल्या एकीने मला विचारलं, "तुम्ही त्यांचे टेम्पोवाले का?" बायको आठवडाभर हे सांगून हसत होती. मलाही हसावं लागलं.

एका हळदीत बायकांनी तिलाच उखाण्याचा आग्रह केला. तिने फार वेळ लावला नाही. "हजार गाणी लॅपटॉपमध्ये, एक येईना गाता, अमुकरावांनी माइक दिला, बाई, माझ्या हाता!" अमुकच्या जागी माझं नाव होतं. तीनशे वॅटच्या दोन बॉक्समधून माझं नाव अख्ख्या मांडवाने ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि एकाही माणसाने वळून टेबलाकडे पाहिलं नाही. मी तिला माइक दिला नव्हता. तिने तो उचलला होता.

मला मत्सर वाटत होता. दुसरा बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. वॅट मी मोजले, बॉक्स मी उचलले, आणि माणसं तिच्या मागे नाचत होती.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. माइक घेऊन कुणी बॉक्सच्या तोंडासमोर गेलं की बॉक्समधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते, कानात सुई घातल्यासारखी. म्हणून बोलणाऱ्याने बॉक्सच्या मागे राहायचं असतं. ती कधीच राहायची नाही. ती पुढे निघाली की मी तिच्या माइकचं बटण बारीक करायचो, मागे आली की वाढवायचो. ती मांडवभर फिरायची आणि माझं बोट बटणावर तिच्याबरोबर फिरायचं. तिला वाटायचं माइक चांगला आहे. मी तिला काही सांगितलं नाही. निदान एवढं माझं एकट्याचं आहे, असं वाटायचं.

मग मोहोळहून फोन आला. मुलीच्या हळदीसाठी. बोलणारे मुलीचे वडील होते.

"आमच्या मेव्हणीनं सांगितलंय, सोलापूरच्या त्या वैनीच पायजेत म्हणून."

मी तारीख बघितली. त्याच संध्याकाळी आमच्याच कॉलनीत एका गृहस्थांच्या साठीचा कार्यक्रम मी आधी घेतला होता. दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही. "मला त्या दिवशी जमणार नाही," मी म्हणालो.

"तुमी न्हाय आला तरी चालतंय की! वैनीस्नी तेवढं पाठवा."

बायको समोरच शेंगा निवडत होती. फोनमधला आवाज तिला ऐकू गेला होता. तिचे हात थांबले होते. मी हो म्हटलं.

आमचा सेट टेम्पोत घालून ती मोहोळला गेली. गाणी मी पेनड्राइव्हमध्ये भरून दिली होती, ती लावायचं काम टेम्पोवाल्याकडे. साठीसाठी मी दुसरा सेट भाड्याने आणला. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा माझ्या मनात आलं, आज शिट्टी वाजणार. ते वाईट वाटून मनात आलं नव्हतं.

साठीचा कार्यक्रम बरा चालला होता. एकशे दहाचं गाणं चालू असताना तिचा फोन आला.

"अहो, शिट्टी मारतोय माइक! दोनदा मारली. लेकरू रडायला लागलं एक. काय करू?"

"बॉक्सच्या मागे उभी राहून बोल."

"मागून मला बायका दिसत नाहीत! बसल्यात सगळ्या. त्यांच्यात गेल्याशिवाय कशा उठतील? तुमच्याबरोबर असताना कधी असं करत नाही हा."

मागेच राहा, एवढं म्हणून मला फोन ठेवता आला असता. त्यात खोटं काहीच नव्हतं. ती मागे राहिली असती, मोहोळच्या बायका बसून राहिल्या असत्या, आणि पुढच्या वेळी कुणी "तुमी न्हाय आला तरी चालतंय" म्हणालं नसतं. हे सगळं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं.

"दोन्ही बॉक्स उचलायला सांग," मी म्हणालो. "बायका बसल्यात त्याच्याही पलीकडे नेऊन दोन कोपऱ्यांत ठेव, तोंड बाहेरच्या बाजूला. मग तू त्यांच्यात कुठेही फिर, बॉक्सच्या मागेच राहशील. आणि माइकचं बटण निम्म्यावर आण."

"बाहेर तोंड केल्यावर आत ऐकू येईल?"

"तेवढ्यांना येतं. मी मोजलंय."

"थांबा हं," म्हणून तिने फोन ठेवला.

साठी संपेपर्यंत मी फोन टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवला होता. परत वाजला नाही. साठीवाल्या गृहस्थांच्या सुनेने जाताना विचारलं, "काकू नाही आल्या आज?" मोहोळला आहेत, असं मी सांगितलं.

रात्री साडेदहाच्या सुमाराला ती आली. केसांत, कानात, पदरावर हळद. टेम्पोतून बॉक्स उतरवताना एक कोपरा तिनेच धरला.

"एकदाही शिट्टी नाही," ती म्हणाली. "त्या पोरीच्या आजीसुद्धा नाचल्या. आता असेच ठेवत जाऊ बॉक्स. पुढच्या आठवड्यात करकंबला बोलावलंय त्यांच्याच पाहुण्यांनी. तुम्हाला ऑफिसला दांडी नको, मी जाऊन येईन. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. वायरी टेम्पोतच पडल्या होत्या. मी त्या काढून गुंडाळायला घेतल्या.

"किती बायका नाचल्या मोहोळला?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत हो. का?"

"सहज. माझ्याकडे एकोणतीस नाचले. लहान मुलं धरून."