एका डिस्कवर दोघी जावा

घरच्या फोटो स्टुडिओतला लिनक्सवाला कॉम्प्युटर बारा वर्षं थोरल्या सुनेच्या हातात होता. मग धाकटी आली, तिनं बॅकअपसाठी बाहेरून जोडायची डिस्क आणली आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या, "धाकटीनं काय सोय केली बघा!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं ती काय माश्या मारत होती?

मग तिनंही त्याच डिस्कवर गुपचूप स्वतःचा बॅकअप लावला. धाकटीचा सकाळी अकराला सुरू व्हायचा, म्हणून हिचाही अकरालाच. मागं कशाला राहायचं?

दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजले की कॉम्प्युटर गोगलगाय व्हायचा. एक फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाईक दोनदा घड्याळ बघायचं. "डिस्कच भिकार आणलीय," थोरली सगळ्यांना ऐकवायची, आणि मनात तिला उकळ्या फुटायच्या.

शेवटी सासूबाईंसमोरच धाकटीनं डिस्क कोण वापरतंय त्याची यादी उघडली. दोन बॅकअप एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि दुसऱ्यापुढे थोरलीचं नाव होतं. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंना नाव दिसायच्या आत धाकटीनं झटकन यादी बंद केली. "चूक माझीच, सासूबाई. मी वेळ नीट लावली नव्हती. आता माझा बॅकअप बाराला लावते."

कॉम्प्युटर पुन्हा सुसाट चालू लागला. "गुणाची गं माझी," सासूबाई धाकटीला म्हणाल्या.

मेलीनं चारचौघांत नाव घेतलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं!