आमचं बेट वेगळं झालं

हसणार असाल तर आधी चहा संपवा राव, कारण आकुर्डीत मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती ऐकताना ठसका लागतो.

मी राहतो चऱ्होलीत, 'आयलंड' नावाच्या स्कीममध्ये. बायको गेली, मुलगी परदेशात. मध्यंतरी आमची बी बिल्डिंग भांडून मूळ सोसायटीतून वेगळी झाली. लगेच टँकरवाला म्हणाला, "माझा करार जुन्या सोसायटीशी. तुम्ही कोण?" पाणी बंद.

तेवढ्यात मोबाईलवर निरोप फिरत आला: 'बेटांची घटना बदलली, तर जुन्या करारांचं काय? व्याख्यान, लॉ कॉलेज, आकुर्डी. सर्वांना प्रवेश.' आयलंड म्हणजे बेट, एवढं इंग्रजी मला येतं. म्हटलं, घेतली कुणीतरी आपली दखल. आणि खरं सांगू का? चार माणसांत बसायला मिळणार, याचाच आनंद जास्त. इस्त्रीचा शर्ट चढवला, बस पकडली.

व्याख्यान देणाऱ्या मॅडम सांगत होत्या, "बेटाला स्वायत्तता मिळाली म्हणून देशाने केलेला करार आपोआप संपत नाही. सही देशाची, जबाबदारीही देशाचीच."

मला राहवेना. उभा राहिलो. "मॅडम, मी बेटावरूनच आलोय. आमचं नुकतंच वेगळं झालं."

अख्खा हॉल वळला. मॅडमनी मला थेट स्टेजवर बोलावून शेजारी बसवलं. इतक्या आदराने मला कुणी 'बसा' म्हटल्याला किती दिवस झाले होते, काय सांगू.

"मुख्य भूमीशी संबंध कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बोलत नाहीत. मधलं गेटसुद्धा लावून घेतलंय."

"आणि बेटावरचे लोक?"

"सगळे कंपनीत. संध्याकाळी बाकावर मी एकटाच."

त्या हळहळल्या. "नेमका कोणता करार मोडला?"

"पाण्याच्या टँकरचा."

"टँकर? समुद्रातून येतो?"

"छे, मोशीहून येतो."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा हॉल. मी चऱ्होली, आयलंड, बी बिल्डिंग, सगळं सांगून टाकलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"काका, तत्त्व तुम्हालाही लावता येईल. पण दर्जा बदलला की करार आता कुठे लागू आहे, हे समोरच्याला लेखी कळवावं लागतं. तुमच्या सेक्रेटरीने टँकरवाल्याला कळवलं का?"

"नाही."

"असला कसला सेक्रेटरी? निवडला कुणी त्याला?"

"एकमताने निवडला, मॅडम," मी म्हटलं. "सभेला मी एकटाच आलो होतो."