बाभळीवरचा थवा

१९४८ चा ऑक्टोबर संपत आला होता. कनेरगाव नाक्यावर आमच्या सेक्शनची पोस्ट होती. दहा जवान. निजामाशी लढाई थांबली होती, पण बंदूकवाली एक टोळी अजून रानात होती. टेहळणीसाठी ज्वारी राखायचा एक माळा आम्ही ताब्यात घेतला होता. हिंगोलीच्या लेफ्टनंटसाहेबांना पक्ष्यांचा नाद. मी नाईक, बढतीवर डोळा ठेवून पक्षितज्ज्ञ झालो.

पहिल्याच दिवशी वहीत दोन जाती नोंदवल्या. गुलाबी ती मुनिया, मातकट ती रानचिमणी. सिपाही नामदेव, गोरेगावच्या धनगराचा मुलगा, खांद्यावरून वाचत होता.

"नाईकसाब, जोडप्याची फारकत करून राहिले तुमी. गुलाबी नर, मातकट मादी. अन् मुनिया न्हाई. तिच्या अंगावर पांढरे ठिपके ऱ्हातात. ही तूती. चोच पाहा, केवढी जाड. दसऱ्याला येती, उन्हाळ्यात जाती."

"आणखी काही, प्रोफेसर?"

"वाटेनं माणूस आला की थवा उडून झाडावर बसतो, तो पुढं गेला की लगेच कणसावर उतरतो. न्हाई उतरला तर खाली कोणीतरी बसून हाय."

"एवढं कळतं, तर फौजेत काहून आलास?"

"मेंढरं सलाम ठोकत न्हाईत."

मी 'मुनिया' खोडलं नाही. नाइकाचा मान.

तिसऱ्या दिवशी सकाळी ११०० ला थवा उडून बाभळीवर बसला. मला आनंदच झाला. बसलेले पक्षी मोजायला सोपे. वहीत लिहिलं: '११४०. मुनिया अजून झाडावरच. नर सात.'

११४५ ला नामदेव पाण्याचा डबा घेऊन विहिरीकडे निघाला. वाट ज्वारीतून होती.

"काय म्हणती तुमची मुनिया?"

"मोजतोय. जा तू." मी मान वर केली नाही.

१२०५ ला दोन गोळ्या वाजल्या. आम्ही पोचलो तेव्हा टोळी पळाली होती. नामदेव पायवाटेवर पालथा पडला होता. भरलेला डबा सांडत होता.

वायरलेसवर साहेब होते. "रिपोर्ट. ओव्हर."

"एक जवान गेला, सर. सिपाही नामदेव. ओव्हर."

"आधी काही दिसलं होतं? ओव्हर."

वही माझ्या खिशात होती.

"नाही, सर. आउट."

आठवड्याने वही साहेबांकडून तपासून परत आली. ११४० च्या नोंदीपुढे लाल शाईत शेरा होता: 'निरीक्षण उत्तम.' पुढे बढतीही मिळाली.

आजही दसऱ्यानंतर थवा झाडावर दिसला, तर तो उतरेपर्यंत मी पायवाटेवर पाऊल टाकत नाही. लोक हसतात. हसू देतो. वहीतलं 'मुनिया' मात्र मी खोडलं आहे. तिथं आता असं आहे: तूती. ओळखणारा, सिपाही नामदेव, गोरेगाव.