हिरवे ठिपके

दसऱ्याला मी प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपची पूजा केली, ही चूक माझीच. आमच्याकडे आजोबांच्या गिरणीतल्या मागापासून बाबांच्या लेथपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलंय. मग ज्या मशीनसमोर पाच वर्षं मान मोडली, ते कसं कोरडं ठेवायचं? झेंडूचा हार घातला आणि नमुन्याची काचेची बशी ठेवतात त्या पट्टीला दोन बोटं हळद ओढली. सर, म्हणजे माझे पीएचडीचे गाईड, हसून म्हणाले, "आता तरी पाव म्हणावं."

काम असं: बशीत उंदराच्या मेंदूतल्या जिवंत पेशी, त्यांत एक रंग भरलेला, वर लेझरचा प्रकाश. एका पेशीनं दुसरीला निरोप दिला की दुसरी क्षणभर हिरवी चमकते. माझ्या मेल्या चमकतच नव्हत्या. रोज घाटकोपरहून यायचं, अंधाऱ्या खोलीत आठ तास काळा पडदा बघायचा आणि घरी जायचं. मार्चला फेलोशिप संपणार होती. तोवर निकाल नाही तर पीएचडी नाही, इतकं सरळ.

आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात चमकल्या! दोन पेशींच्या बरोब्बर सांध्यावर हिरवा ठिपका. लागला, विझला. मी ओरडलेच. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. पुढे दोन-तीन महिने मी तेच टिपत बसले.

जानेवारीत एकदा रिकामी बशी लावली. नुसतं द्रावण, पेशी एकही नाही. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं असतं, पण आनंदाच्या भरात राहून गेलं होतं. त्या रिकाम्या बशीतही हिरवे ठिपके तरंगत आले, चमकले, गेले. पट्टीवरून बोट फिरवलं तर पिवळं. हळद लेझरखाली हिरवी चमकते, आणि ती सुकून बशीत झडत होती. वाट लागली, यार.

दोन दिवस कोणाला बोलले नाही. खोटं कशाला सांगू, गप्पच राहायचं ठरत आलं होतं. तिसऱ्या दिवशी सरांना सांगून टाकलं.

"रिकामी बशी लावायला तुला कोणी सांगितलं होतं?" सर चिडून म्हणाले.

"तुम्हीच, सर. पहिल्या वर्षी."

मग सर म्हणाले, "काढून टाक सगळी चित्रं."

काढली. मार्चपर्यंत रोज बसले, पण पेशी काही बोलल्या नाहीत. आता मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासते. आई अजून शेजारणींना सांगते, पोरगी डॉक्टर होतेय. तिला अडवायचंसुद्धा त्राण नाही माझ्यात.