राजाला उचलणार कोण?

आमच्या नाटकाच्या ग्रुपचं एक बरं आहे, प्रयोग पडला तरी किस्सा उरतो. मी जालन्यात हट्टानं जुन्या शोकांतिका बसवतो, त्यामुळे किस्से भरपूर जमलेत.

बँकेतून सुटलो की मी या नाटकांचा अभ्यास करायचो. नियती, अहंकार, अटळ विनाश, वहीभर टिपणं! पहिल्या वाचनाला ती सगळी ऐकवली. नाना शांतपणे ऐकत होता. नाना बियाणे कंपनीत सेल्समन, वजन शंभराच्या पुढे, आणि आमचा कायमचा राजा. शेवटी म्हणाला, "सर, ते बराबर हाय. पन मी स्टेजच्या मधोमध मरतो. मला उचलणार कोण?"

आमच्याकडे सैनिक दोन, तेही काडीपैलवान. त्या दिवशी वहीतलं नियतीचं पान मिटलं आणि 'कोण कुठे पडणार' हे पान सुरू झालं.

*

तोडगा असा निघाला की जखमी राजानं विंगेपर्यंत चालत येऊन मरायचं. जालन्याच्या प्रयोगात छातीत तलवार घेऊन नाना पंधरा पावलं चालला. मागच्या रांगेतून आवाज आला, "दवाखाना तिकडं न्हाई, राजे."

*

मग अभ्यासात जुन्या नाटककारांची युक्ती सापडली. खून आत होतात, दूत बाहेर येऊन सांगतो. उचलाउचलीच नको! राजपुत्राचं मरण असंच आत ढकललं, राजा मेला की राणीच्या रडण्यावर पडदाच पाडायचं ठरवलं, आणि दूत केलं बापूला. बापू रिक्षा चालवतो.

तीर्थपुरीला तो धापा टाकत आला आणि राजपुत्र गेल्याचं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "तू सोता पाह्यलं का?"

बापूला खोटं बोलवत नाही. "न्हाई बा. सरांनी सांग म्हणलं."

त्याच प्रयोगात शेवटी नाना मरून पडला. राणी झालेल्या शैलाताईंनी हंबरडा फोडला, तेवढ्यात एक शेतकरी उठून उभा राहिला. "तरीच म्हणलं, ह्यो साहेब चार दिस फोन का उचलत न्हाई." लोक तर हसलेच, राजाचं पोटही हलायला लागलं.

*

परतताना शैलाताई म्हणाल्या, "सर, मी जीव तोडून रडते आणि लोक हसतात. आता टेंभुर्णीच्या प्रयोगातही हसले तर पुढच्या वर्षी फार्स." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हो म्हणालो, पण मनातून फार वाईट वाटलं. एकदा तरी, एका तरी माणसाला ते मरण खरं वाटावं, एवढीच माझी इच्छा होती.

टेंभुर्णीला दुपारचा प्रयोग होता. कोणी हसलं नाही. पण पडदा पडल्यावर टाळीही नाही. आम्ही हात जोडून उभे, आणि लोक खाली मान घालून चपला शोधत होते. आग्रहानं बोलावणारे सरपंचसुद्धा 'येतो' न म्हणता गेले.

"हसले न्हाईत, पन आवडलंबी न्हाई," बापू म्हणाला.

"करू फार्स," मी म्हणालो.

सामान बांधत होतो तर एक म्हातारी पाटी घेऊन आली. पिठलं आणि भाकरी. पाटी तिनं शैलाताईंपुढे ठेवली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "दोन घास खा, बाई. आज चूल पेटवू नको."

नाना सकाळपासून उपाशी होता. त्यानं मुकुट काढून भाकरीकडे हात नेला. म्हातारीनं तो बाजूला सारला.

"तुमच्यासाठी न्हाई आणलं. मागं राह्यलेल्यांसाठी हाय."