नकोचं बटण

किळस हा शब्द मी झुरळासाठी वापरते, पालीसाठी वापरते. काँप्युटरसाठी वापरावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण त्या शनिवारी सकाळी, टायपिंग निम्म्यावर आलेलं असताना, पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं, ठिपके गोल गोल फिरायला लागले आणि खाली अक्षरं आली, 'अपडेट चालू आहे, बंद करू नका'. मला खरोखर शिसारी आली. घर माझं, टेबल माझं, विजेचं बिल मी भरते, आणि मलाच सांगतोयस हात लावू नका म्हणून?

मी आमच्या मराठी मंडळींच्या वधूवरांची यादी करते. धारवाड, हुबळी आणि मधली नवनगरची घरं. पूर्वी वहीत लिहीत होते, मग टायपिंग आपलं आपणच शिकले, चुकत माकत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी धारवाडच्या मळमड्डीत मंडळी जमतात, चहा-चिवडा होतो आणि यादी हातोहात फिरते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती झेरॉक्सवाल्याकडे पोचायला लागते.

त्या महिन्यात तीन नवी स्थळं होती. दोघांचे कागद माझ्याकडे होते. तिसरीचा नव्हता. ती रायापूरकडे राहणारी शिक्षिका, अडतिशीची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दोन वर्षं मी तिच्या मागे होते आणि दोन वर्षं ती नको म्हणत होती. त्या शनिवारी शाळेला जाता जाता सात वाजताच आली, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"अक्का, कागदावर नको. सासूबाईंच्या हाताला लागेल. मी सांगते, तुम्ही थेट ह्यात घाला."

तिनं सांगितलं, मी घातलं. ती गेली, मी बाकीची दोन स्थळं घ्यायला लागले, आणि मग ते ठिपके. मध्ये सेव्ह केलं नव्हतं हे कबूल. पण विचारून तरी बंद हो की मेल्या!

दीड-दोन तासांनी यंत्र जागं झालं. सकाळचं सगळं गेलेलं. दोन स्थळं कागदावरून परत घातली आणि शाळा सुटल्यावर तिला फोन केला.

"राहू दे हो अक्का," ती म्हणाली. "एकदा कसंबसं तोंड उघडलं होतं. यंत्रालाच नको असेल."

म्हणाली आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. यादी तिच्याशिवाय गेली.

सोमवारी यंत्र रिक्षात घालून हुबळीला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं वरून चापट मारली. "हळेदु आग्यादरी अम्मा," म्हणाला, म्हणजे जुनं झालंय. पुढचं अपडेट यात बसणार नाही, नवीन घ्या. म्हणजे बघा, अपडेटनं माझं काम खाल्लं, आणि आता अपडेटसाठीच मी नवीन यंत्र घ्यायचं! मी त्याला म्हटलं, अपडेट नकोच म्हणायचं असेल तर कुठं दाबायचं? त्यानं दाखवलं. दोन बटणं होती. एक 'आत्ता', दुसरं 'थोड्या वेळानं'. तिसरं नाहीच. मी यंत्र परत रिक्षात घातलं.

धारवाडला आमच्या शेजारी एक अण्णा राहतात, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या यंत्रावर नेहमीच्या सिस्टिमऐवजी लिनक्स आहे, जुन्या यंत्रावरही चालतं म्हणाले. ते ओपन सोर्स असतं, म्हणजे आतली सगळी बांधणी उघडी ठेवलेली. मला ती वाचता येणार नाही, पण ज्याला येते त्याला कुणी अडवत नाही. वधूवरांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर झाकून ठेवलेल्या गोष्टींचा मला फार संशय येतो, त्यामुळे हे मला पटलं. फुकटही आहे. पण लिनक्स म्हणजे एक सिस्टिम नव्हे, अख्खं घराणं आहे, आणि त्यातली कोणती घ्यायची यावर अण्णांची आणि बेंगळुरूहून आलेल्या माझ्या भाच्याची जुंपली.

"मावशी, सगळ्यात ताजी तीच घ्यायची. रोज नवीन येत राहतं."

"रोज?" अण्णा म्हणाले. "अरे, वहिनींना यादी करायचीय का अपडेट पोसायचंय?"

"तुमची ती वर्षानुवर्षं एकच. म्हातारी."

"म्हातारी म्हणजे काय रे? सुरक्षेचं अपडेट येतंच तिला. रोज नवा सदरा घालून नाचत नाही एवढंच."

दोघं तापले तसे कन्नडमध्ये गेले. माझ्या टेबलावर, माझा चहा पीत, माझ्या यंत्राबद्दल. मला काय पाहिजे हे एकानं विचारलं नाही. शेवटी मी कपबशा उचलल्या आणि म्हटलं, "स्थळं बघायचं काम या घरात मी करते. दोघींना आठ आठ दिवस ठेवून घेणार, मग ठरवणार."

भाच्याची आधी आली. दिसायला देखणी, सगळं सरकतंय, चमकतंय. पण रोज सकाळी ढीगभर अपडेट. तिसऱ्या दिवशीच्या ढिगानंतर प्रिंटर गायब झाला. भाच्याला फोन केला तर म्हणे काळी खिडकी उघड आणि मी सांगतो ते टाईप कर. वीतभर लांब ओळ, त्यात ठिपके, तिरक्या रेघा. एक अक्षर चुकलं की नकार. तासभर मी त्या काळ्या खिडकीसमोर बसले. पोहे भिजून लगदा झाले. जिथं जिथं यंत्र, तिथं तिथं बाईमाणसाला असंच ताटकळत ठेवायचं ठरलंय का काय, असं वाटून मला पुन्हा तीच शिसारी आली. आठ दिवस पुरे करायचीही गरज पडली नाही.

अण्णांची दिसायला साधी. मराठी, कन्नड दोन्ही कीबोर्ड लगेच चालले, प्रिंटर तिनं आपणहून ओळखला. कोपऱ्यात एक छोटं चिन्ह आहे, अपडेट आलं की त्यावर ठिपका येतो. दाबलं की सरळ यादीच समोर येते. इंटरनेटचं, लिहायचं, छापायचं, सगळ्यांचं नवीन एकाच जागी, काय आणि किती. नको त्यावरची खूण काढायची. एक बटण, पासवर्ड, झालं. ते येत राहतं, मी टाईप करत राहते. एकदा म्हणाली, रीस्टार्ट लागेल. मी मुद्दाम तीन दिवस केलं नाही, बघू काय करते. गप्प बसली. चौथ्या दिवशी माझी मीच केलं. सून ठरवताना सुद्धा मी इतकी कसून परीक्षा घेतली नव्हती.

पण ते तीन दिवस माझं मलाच काही चांगलं वाटेना. आमच्याकडे पाहुणा नको नको म्हणतो आणि आम्ही वाढतोच; नको म्हणजे आग्रह करा, असंच आम्ही धरून चाललोय. त्या शिक्षिकेनं दोन वर्षं नको म्हटलं, आणि दर महिन्याला माझा फोन, "मग पुढच्या महिन्यात घालू?" माझ्याकडे तरी तिसरं बटण कुठं होतं? यंत्राला शिव्या देणारी मी. स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लाज काही चहाबरोबर गिळून टाकण्यासारखी नव्हती.

तिला एकच फोन केला. म्हटलं, "यंत्र बदललंय, आता काम जाणार नाही. तुला यावंसं वाटलं तर ये. मी परत विचारणार नाही."

"बघते," म्हणाली.

एका महिन्याची यादी तिच्याशिवायच गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी, दारात स्कूटर थांबली. ती आत आली, मी पुनर्विवाहाच्या स्थळांचा माझा नमुना पडद्यावर उघडला आणि तिनं तो वाचला.

"पहिल्याच ओळीत 'विधवा' कशाला?"

"पद्धत आहे."

"कुणाची?"

"माझीच," मी म्हटलं.

"सरका जरा."

मी खुर्ची सोडली. दोन बोटांनी, हळूहळू, तिनं स्वतः टाईप केलं. आधी शिक्षिका, गणित. मग वय, मग पतीचं निधन. आणि शेवटची ओळ अशी: 'सासूबाई माझ्याबरोबर राहतील. मान्य असेल त्यांनीच फोन करावा.'

मला वाटत होतं, ती सासूला भिऊन कागद लपवतेय. म्हटलं, "त्यांना माहीत आहे?"

"नाही. कुणाचा फोनच आला नाही, तर त्यांच्या जीवाला उगीच घोर कशाला?"

रविवारी मळमड्डीत यादी फिरली. एक वकीलसाहेब चष्मा कपाळावर सरकवून मोठ्यानं म्हणाले, "हे नवीनच! दुसरं लग्न करणार आणि पहिली सासू हुंड्यात आणणार?" दोघं-तिघं हसले. मी उठले आणि त्यांच्या हातातली यादी काढून घेतली. म्हटलं, "तुमच्याकडे लग्नाचं कुणी आहे का? नाही ना? मग चिवडा खा."

मागच्या रांगेत हुबळीचे एक दुकानदार होते, बायको गेलेली, दोन मुलं. ते हसले नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिचा नंबर तळहातावर लिहून घेतला. फोन केला की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.